संमोहनाचे वर्ग घेणाऱ्यांना खुलं पत्र : इंडक्शन पुरे, आता उपचार शिकवा

संमोहन उपचाराचे अल्पमुदतीचे वर्ग चालवणारे संचालक आणि तिथे शिकवणारे प्रशिक्षक यांस,

स. न. वि. वि.

हे पत्र लिहिणारे आम्ही काही डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ आहोत. संमोहन आमच्या रोजच्या कामाचा भाग आहे, तेव्हा ते थोतांड आहे असं सांगायला आम्ही बसलेलो नाही. तक्रार तुमच्या वेळापत्रकाबद्दल आहे. दोन-तीन दिवसांच्या वर्गात बहुतेक तास इंडक्शनवर, म्हणजे माणसाला संमोहनात नेण्याच्या विधीवर, जातात: झटपट इंडक्शन, हस्तांदोलन करता करता इंडक्शन, डोळे मिटवून जिना उतरवणं, मग एकमेकांवर सराव. शेवटच्या दुपारी भीती, व्यसन, वजन, निद्रानाश अशा एकेका त्रासाची छापील स्क्रिप्ट हातात पडते आणि संध्याकाळी प्रमाणपत्र. माणसाला संमोहित करणं हा या कामातला सगळ्यांत सोपा भाग आहे. तेवढाच शिकवून तुम्ही विद्यार्थ्याला थेरपिस्ट म्हणून बाहेर सोडता.

सोपा कसा, ते तुम्हालाही ठाऊक आहे. माणूस पाठ टेकून बसतो, पाय जमिनीवर. मान न उचलता नजर वर, भुवयांच्या रेषेच्या जरा वरच्या एका ठिपक्यावर लावायची. स्कॉटिश शल्यचिकित्सक जेम्स ब्रेडने १८४३ साली चकाकणारी वस्तू डोळ्यांपासून आठ ते पंधरा इंचांवर, कपाळाच्या वरच्या बाजूला धरायला सांगितली होती, तत्त्व तेच. अशा नजरेने डोळ्यांचे स्नायू लवकरच थकतात, पाणी येतं, पापण्या मिटू पाहतात. त्याच क्षणी ‘पापण्या जड होताहेत’ म्हटलं की जे होणारच होतं ते तुमच्या शब्दांनी झाल्यासारखं वाटतं आणि पुढच्या सूचनेला वजन येतं. सूचना श्वास सोडताना द्यायच्या. मग दहापासून एकपर्यंत आकडे. पाच ते दहा मिनिटांचं काम. संथपणे मोठ्याने वाचता येणारा कोणीही हे एका दुपारी शिकतो.

आणि हा विधी वाटतो तितका मोलाचाही नाही. १९७६ साली एव्हा बान्याई आणि अर्नेस्ट हिलगार्ड या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना व्यायामाच्या सायकलवर बसवून, पायडल मारत असतानाच ‘तुम्ही अधिक ताजेतवाने, अधिक सावध होत आहात’ अशा सूचना दिल्या. पुढच्या सूचनांना त्या लोकांनी नेहमीच्या गुंगीच्या इंडक्शनइतकाच प्रतिसाद दिला. अंग सैल पडणं, झोपाळू होणं ही संमोहनाची अट नाही, आणि संमोहित माणसाचा मेंदूआलेख झोपलेल्या माणसासारखा दिसत नाही. लक्ष एका जागी गोळा होतं, आजूबाजूचं भान मागे पडतं आणि सूचनेला प्रतिसाद देण्याची क्षमता वाढते. तुमचे विद्यार्थी मात्र लोंबता हात नि कललेली मान बघून ‘किती खोल गेला’ ते ठरवतात.

खरा फरक माणसामाणसांत असतो. सूचनेला प्रतिसाद देण्याची क्षमता मोजणाऱ्या स्टॅनफर्डच्या मोजपट्टीच्या १९६२ मधल्या ‘सी’ आवृत्तीत बारा सूचना आहेत. पुढे धरलेला हात जड होऊन खाली येतो का, इथून सुरुवात होते. मग समोरासमोर धरलेले तळवे आपोआप दूर जातात का, नसलेला डास जाणवतो का, ताठ झालेला हात वाकेनासा होतो का, अमोनियाचा वास येईनासा होतो का, अशी परीक्षा चढत जाते. प्रत्येकीला एक गुण. शंभरातले साधारण दहा ते पंधरा जण वरच्या टोकाला असतात, काही थोडे अगदी खालच्या, बाकी सगळे मध्ये. ही क्षमता फारशी हलतही नाही. तीच माणसं पंचवीस वर्षांनी पुन्हा तपासली तेव्हा दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध ०.७१ निघाला (१ म्हणजे तंतोतंत जुळणी), हे १९८९ साली प्रसिद्ध झालेलं आहे.

वर्गातलं प्रात्यक्षिक याच आकड्यांवर चालतं आणि हे विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही. सगळ्यांना बोटं एकमेकांत गुंतवायला लावायची, ‘आता हात सुटणार नाहीत’ म्हणायचं, आणि ज्यांचे खरंच सुटत नाहीत त्यांतल्या एकाला पुढे बोलवायचं. चाळीस जणांत असे चार-सहा निघतातच. पुढे जे घडतं ते त्या माणसाचं कसब, टाळ्या प्रशिक्षकाला. विद्यार्थी घरी जातो आणि पहिल्याच मध्यम क्षमतेच्या क्लायंटवर तेच करू पाहतो. पापण्या फडफडत राहतात, क्लायंट आवंढा गिळतो, खुर्चीत सरकून बसतो. या सगळ्या अगदी नेहमीच्या गोष्टी आहेत, पण विद्यार्थी गडबडतो, आवाज चढवतो, इंडक्शन अर्ध्या तासावर नेतो आणि शेवटी ‘तुमचं अंतर्मन विरोध करतंय’ असा शेरा मारून मोकळा होतो. पैसे भरून आलेल्या माणसावरच खापर. उपचाराच्या बहुतेक कामांना मध्यम क्षमता पुरते, आणि ज्याला सूचना लागूच पडत नाहीत त्याला दुसरा उपचार सुचवायचा, एवढी दोन वाक्यं पहिल्या तासाला सांगितली तरी हे टळेल.

इंडक्शनच्या आधीचं काम वर्गात जवळजवळ शिकवलंच जात नाही. पहिलं, निदान. संमोहनाने वेदना कमी होते. वेदनेचं कारण तिथेच राहतं. नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, झोपेतून उठवणारी पोटदुखी, शौचातून रक्त, कारण नसताना उतरणारं वजन यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय एकही सूचना द्यायची नाही. दुसरं, कोणाला संमोहित करायचं नाही. भास-भ्रम असलेला किंवा उन्मादाच्या झटक्यात असलेला माणूस, आत्महत्येचे विचार चालू असलेला माणूस, ‘मधला काळ कुठे गेला ते आठवत नाही’ असं वारंवार होणारा माणूस यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं. ज्याला आधीच बाहेरून आवाज ऐकू येतात त्याला ‘फक्त माझा आवाज ऐका, तो तुमच्या आत उतरतोय’ असं सांगणं म्हणजे काय, याचा विचार करून पाहा. फेफरं येत असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून मगच.

तिसरं, गैरसमज काढणं. यालाही वीस मिनिटं द्यावी लागतात. क्लायंटला सांगायचं: तुम्हाला माझा आवाज ऐकू येत राहील. वाटेल तेव्हा डोळे उघडता येतील. नको ती गोष्ट तुमच्या तोंडून कोणी वदवून घेऊ शकत नाही. मी मध्येच खोलीबाहेर गेलो तर तुम्ही थोड्या वेळाने आपणच जागे व्हाल. हे न सांगता सुरू केलं की माणूस अर्धं लक्ष स्वतःवर पहारा ठेवण्यात घालवतो. आणि स्पर्श: हात उचलून पाहायचा असेल, खांद्याला हात लावायचा असेल, तर परवानगी आधीच, डोळे उघडे असताना घ्यायची. डोळे मिटल्यावर विचारलेल्या परवानगीला आम्ही परवानगी मानत नाही.

आता स्क्रिप्टबद्दल. स्क्रिप्ट मुळातच वाईट असते असं नाही. आतड्याच्या त्रासासाठीच्या नॉर्थ कॅरोलायना पद्धतीत सातही सेशन शब्दशः लिहिलेली असतात. पण ती एकाच आजारासाठी बेतलेली आहेत, रुग्णांवर तपासलेली आहेत. तुम्ही वाटता त्या पानांवर ‘निवांत तळ्याकाठी’ असतं, आणि समोरचा माणूस लहानपणी पाण्यात बुडता बुडता वाचलेला असू शकतो. जिना, लिफ्ट, बोगदा ही ‘खोल नेणारी’ चित्रं बंद जागेची भीती असलेल्याला नेमकी उलटी लागतात. म्हणून चित्र आधी क्लायंटला विचारून, त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यायचं.

एकच सूचना जवळून पाहू. जुनी पाठदुखी आहे, तपासण्या झालेल्या आहेत. नवशिका म्हणतो: ‘आता तुमची पाठ अजिबात दुखणार नाही.’ यात ‘दुखणार’ या शब्दाने लक्ष पुन्हा दुखण्यावर गेलं. ‘अजिबात’मुळे सूचना खरी ठरायला जागाच उरली नाही, खुर्चीतून उठताना पहिली कळ आली की ही सूचना खोटी पडते आणि तिच्यासोबत नंतरच्याही. शिवाय सगळी वेदना घालवायची म्हणजे शरीराची सावधगिरीही घालवायची. तो माणूस उद्या जड पिंप उचलेल. त्याऐवजी असं: ‘त्या जागेकडे लक्ष न्या. तिला आकार आहे का, पाहा. कडा कुठे संपतात? श्वास सोडताना त्या कडा जराशा मऊ होऊ शकतात. किती, ते तुमचं शरीर ठरवील. आणि ती जाणीव तिथे असली तरी तिचा त्रास तितका वाटेनासा होईल.’ शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. १९९७ साली पिएर रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी लोकांचे हात ४७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवून, संमोहनातून फक्त वेदनेचा त्रासदायकपणा कमी-जास्त करणाऱ्या सूचना दिल्या. मेंदूच्या पुढच्या सिंग्युलेट भागातली हालचाल त्याप्रमाणे बदलली. स्पर्श-वेदना नोंदवणाऱ्या मुख्य पट्ट्यात तसा बदल झाला नाही. वेदना किती तीव्र आहे आणि ती किती छळते हे दोन वेगळे धागे आहेत. जुन्या दुखण्यात दुसरा धागा पकडला की काम सोपं होतं. सुई टोचणाऱ्या, दात काढणाऱ्या डॉक्टरांनाही इथे शिकण्यासारखं आहे: ‘आता थोडं दुखेल हं’ अशा प्रेमळ पूर्वसूचनांनी वेदना आणि चिंता वाढते, हे एल्व्हिरा लँग यांच्या गटाने २००५ साली दाखवलं. संमोहन न करताही सूचना चालूच असते.

संमोहनोत्तर सूचना, म्हणजे सेशन संपल्यावर एखाद्या खुणेने लागू व्हायची सूचना, बांधताना ती खूण नेमकी हवी. ‘डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला की तुम्ही गाढ शिथिल व्हाल’ ही सूचना पलंगावर चांगली, गाडी चालवताना धोक्याची. म्हणून जागा आणि वेळ त्याच वाक्यात घालायची: ‘रात्री, अंथरुणावर पाठ टेकल्यावर.’ घरी ऐकायला दिलेल्या रेकॉर्डिंगचं पहिलंच वाक्य ‘गाडी चालवताना किंवा यंत्रावर काम करताना हे ऐकू नका’ असं असायला हवं.

बाहेर काढणं हा तर तुमच्या वर्गातला सगळ्यांत दुर्लक्षित भाग. ‘तीन, दोन, एक, डोळे उघडा’, चुटकी, संपलं. सेशननंतरची डोकेदुखी, चक्कर, मळमळ, तासभर रेंगाळणारी गुंगी यांतलं बरंच काही या घाईतून येतं. जी जी सूचना दिली ती नाव घेऊन मागे घ्यावी लागते: हात जड केला असेल तर हात पुन्हा हलका, बोटं बधिर केली असतील तर बोटांत नेहमीची संवेदना, पापण्या चिकटवल्या असतील तर त्या मोकळ्या. मग एक ते पाच, प्रत्येक आकड्याला थोडी अधिक जाग: दोनला श्वास, तीनला बोटं हलवणं, चारला खोलीतले आवाज, पाचला डोळे. त्यानंतर साध्या गप्पा, आज वार कोणता, घरी कसे जाणार. हात आणि पाय हलवून दाखवायला सांगायचं. दहा-पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं, मगच जाऊ द्यायचं. आणि हे ज्याच्यावर ‘काही झालंच नाही’ त्याच्यासाठीही करायचं, कारण आपल्याला काही झालं नाही असं म्हणणाऱ्याचा हातही कधी कधी जडच राहिलेला असतो.

डोळे उघडले नाहीत तर? हलवायचं नाही, ओरडायचं नाही, पाणी मारायचं नाही. बहुतेक वेळा माणसाला छान वाटत असतं, किंवा त्याला साधी झोप लागलेली असते, किंवा काहीतरी अर्धवट राहिलेलं असतं. ‘अजून काय हवंय?’ असं विचारायचं आणि दोन-तीन मिनिटं द्यायची. संमोहनात कोणी कायमचा अडकत नाही. रडू फुटलं तर खोदकाम करायचं नाही, आणि घाबरून चुटकीही वाजवायची नाही: आवाज तोच ठेवून ‘पाय जमिनीवर टेकलेले जाणवताहेत, मी इथेच आहे’, मग सावकाश डोळे उघडून खोलीतल्या पाच वस्तूंची नावं.

आमचा सर्वांत मोठा आक्षेप पुढे आहे. वयप्रतिगमन (म्हणजे संमोहनात माणसाला लहानपणात परत नेणं), ‘त्रासाचं मूळ शोधणं’ आणि त्याच्याही पुढे पूर्वजन्म, हे तुमच्या पत्रकांत सगळ्यांत मोठ्या अक्षरांत असतं. मनात सगळं रेकॉर्ड झालेलं आहे आणि संमोहन ते वाजवून दाखवतं, या समजुतीवर हे उभं आहे, आणि ती समजूत चुकीची आहे. १९८३ साली जेन डायवन आणि केनेथ बॉवर्स यांनी लोकांना साठ चित्रं दाखवून ती आठवायला लावली. संमोहित केलेल्यांना इतरांपेक्षा दुप्पट नवी चित्रं आठवली, पण त्यांच्या चुका तिप्पट होत्या. त्याच वर्षी जाँ-रॉक लॉरेन्स आणि कॅम्पबेल पेरी यांनी उच्च क्षमतेच्या सत्तावीस जणांना संमोहनात नेऊन, एका ठरावीक रात्री मोठ्या आवाजाने जाग आली होती अशी सूचना दिली. नंतर पूर्ण जागेपणी त्यांतल्या तेरा जणांनी तो आवाज खरंच झाला होता असं सांगितलं. १९८५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या अहवालानेही संमोहनातून ‘ताजी’ केलेली आठवण साध्या आठवणीपेक्षा विश्वासार्ह नसते, असाच निष्कर्ष काढला. संमोहनात चित्र ठसठशीत दिसतं, आणि ठसठशीतपणालाच माणूस खरेपणाची खूण समजतो. आठवण चुकीची असो वा बरोबर, तिच्यावरची खात्री वाढते. तीच घातक.

हे घडतं कसं, ते एका प्रश्नात दिसतं. क्लायंट म्हणतो, ‘मी लहान आहे, घरात आहे, बरं वाटत नाहीये.’ तुमचा विद्यार्थी विचारतो, ‘अंधारात कोण उभं आहे?’ अंधार त्याने आणला. माणूस त्याने आणला. तो उभा आहे हेही त्यानेच ठरवलं. समोरचा माणूस सूचना स्वीकारण्याच्या मनःस्थितीत आहे, तो रिकामी जागा भरतो आणि म्हणतो, ‘काका.’ संध्याकाळी एक घर फुटतं, आणि त्या काकाने काही केलं होतं की नाही हे आता कोणालाच, क्लायंटलासुद्धा, कधी कळणार नाही. खरा अत्याचार झालेल्या माणसाचंही यात नुकसान आहे, कारण संमोहनानंतरची त्याची साक्ष कोर्टात संशयाखाली येते. पूर्वजन्माच्या सेशनबद्दल आम्ही जास्त शब्द खर्च करत नाही. तिथे कल्पनाशक्तीची कसरत होते, तेवढीच होते.

उपचार म्हणून संमोहन कुठे पक्क्या पायावर आहे, तेही पत्रकात छापा की. पीटर व्होरवेल यांनी मँचेस्टरमध्ये १९८४ साली आयबीएसच्या, म्हणजे पोटात कळा, फुगणं, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ अशा त्रासाच्या, तीस हट्टी रुग्णांवर पहिला तुलनात्मक अभ्यास केला: तीन महिन्यांत अर्ध्या-अर्ध्या तासाची सात सेशन. रुग्ण पोटावर हात ठेवतो, तळव्याखाली ऊब पसरल्याची सूचना मिळते, ती ऊब आतड्याच्या हालचालीवर ताबा आणते असं सुचवलं जातं, आणि घरी रोज स्वसंमोहनाचा सराव. ती पद्धत आज अनेक देशांत रुजली आहे. रजोनिवृत्तीतल्या गरम झळांवर गॅरी एल्किन्स यांच्या २०१३ च्या अभ्यासात १८७ स्त्रिया होत्या. आठवड्याला एक अशी पाच सेशन झाल्यावर बाराव्या आठवड्यात झळा ७४ टक्क्यांनी घटल्या, तुलनेच्या गटात १७ टक्क्यांनी. स्तनाच्या शस्त्रक्रियेआधीच्या पंधरा मिनिटांच्या संमोहनाने भुलीचं औषध आणि नंतरची वेदना कमी होते, हे २००७ साली दोनशे रुग्णांवर दिसलं. बेल्जियममधल्या लीएजला तर १९९२ पासून संमोहन, जागेवरची भूल आणि हलकं गुंगीचं औषध या तिघांच्या जोडीने थायरॉइडच्याही शस्त्रक्रिया होतात. यांतल्या कुठल्याच ठिकाणी कोणी रुग्णाचं बालपण उकरलेलं नाही.

उलट, ‘एका सेशनमध्ये सिगरेट बंद’ ही तुमच्या विद्यार्थ्यांची सगळ्यांत खपणारी जाहिरात. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात धूम्रपान सोडण्यासाठी संमोहन इतर उपायांपेक्षा सरस आहे असं म्हणण्याइतका पुरावा सापडलेला नाही. करू नका असं आम्ही म्हणत नाही. हमी देऊ नका, आणि निकोटिनच्या च्युइंगगमची किंवा औषधाची गरज असलेल्याला त्यापासून तोडू नका.

आमच्या मागण्या अशा. इंडक्शनला एकूण वेळेच्या पाचव्या भागापेक्षा जास्त वेळ नको. उरलेला वेळ मुलाखत, सूचनालेखन, बाहेर काढणं आणि कोणाला नकार द्यायचा यांना. प्रात्यक्षिकाला उच्च क्षमतेचा एक आणि मध्यम क्षमतेचे दोन, असे तीन जण पुढे बोलवा, आणि निवड कशी केली ते मोठ्याने सांगा. वयप्रतिगमन आणि पूर्वजन्म अभ्यासक्रमातून काढून टाका. आणि प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाला विचारा: जो त्रास तुम्ही संमोहनाने बरा करणार म्हणता, तो संमोहनाशिवाय हाताळण्याचं शिक्षण तुमच्याकडे आहे का? दंतवैद्याने दाताच्या भीतीवर वापरावं, भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रियेआधीच्या चिंतेवर, मानसशास्त्रज्ञाने पॅनिकवर. ज्याच्याकडे असं कुठलंच शिक्षण नाही त्याला स्वसंमोहन जरूर शिकवा, त्याचा त्याला फायदाच होईल. मात्र त्याच्या प्रमाणपत्रावर ‘स्वतःच्या सरावासाठी; इतरांवर उपचार करण्यासाठी नाही’ ही ओळ नावाइतक्याच मोठ्या टायपात छापा.

कळावे,
आपले,
संमोहन उपचारात वापरणारे काही डॉक्टर व मानसशास्त्रज्ञ